वर्गातला निसर्ग: एक शालेय वर्ष वापरून झाल्यावर

बडोद्यातल्या आमच्या शाळेनं यंदा चौथी-पाचवीसाठी 'वन्यजीव व निसर्ग शिक्षण' असा एक तयार कार्यक्रम विकत घेतला. जूनमध्ये पेटी आली, मार्चमध्ये शेवटचं सत्र झालं आणि मधले सगळे महिने तो वर्गात चालवायचं काम माझ्याकडे होतं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. असे बरेच कार्यक्रम सध्या शाळाशाळांतून फिरताहेत आणि साचा साधारण एकच असतो: चित्रांची कार्डं, व्हिडिओ, वर्कशीट, महिन्याला एकदा 'तज्ज्ञां'शी ऑनलाइन गप्पा आणि बक्षिसाचे बिल्ले देणारी क्विझ. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडचे ओळखीचे पालक विचारत असतात की ॲक्टिव्हिटी फीमध्ये हे लावलंय, घ्यावं का. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

यातली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे पायांच्या ठशांची कार्डं. वाघ, बिबट्या, तरस, कोल्हा, अस्वल, सगळे खऱ्या मापात छापलेले. मुलं आपला तळवा त्यावर ठेवून बघायची. वाघाच्या ठशात हात मावतो हे कळल्यावर जो गलका झाला तो कुठल्याच व्हिडिओला झाला नाही. मांजरकुळातले प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात, म्हणून वाघ-बिबट्याच्या ठशात नखं दिसत नाहीत. कुत्रा, कोल्हा, तरस यांच्या ठशात दिसतात. पावसाळा असल्यामुळे मैदानाच्या कडेला चिखल होताच. मधल्या सुट्टीत पोरं वाकून बघताहेत, 'बेन, हे कुत्रं, नखं आहेत', 'ही मांजर'. मग एकानं विचारलं, चित्त्याचं काय? 2022 मध्ये नामिबियाहून मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात चित्ते आणले तेव्हाच्या बातम्या या मुलांनी घरी टीव्हीवर पाहिलेल्या. चित्त्याची नखं पुरती आत जात नाहीत, त्यामुळे मांजरकुळातला असूनही त्याच्या ठशात ती उमटतात. पेटीत चित्त्याचं कार्ड नव्हतं. मी फळ्यावर काढून दाखवलं.

आवाजांचा भागही उत्तम. तांबटाची 'टुक टुक' वर्गात ऐकवली आणि काही दिवसांतच मुलांनी तो फाटकाजवळच्या पिंपळावर हुडकला. पिंगळा, कोकीळ, धनेश, सगळ्यांचे आवाज स्वच्छ रेकॉर्ड केलेले आहेत. एवढ्यासाठी पैसे मोजायचे का, हा प्रश्न आहेच, कारण कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं मर्लिन हे ॲप फुकट आहे. शिक्षकाच्या हातातल्या फोनवर ते ऐकता ऐकता पक्ष्याचं नाव सुचवतं.

खरी अडचण आली ती 'सरपटणारे प्राणी' या भागात. व्हिडिओतली मगर नाईल जातीची, आफ्रिकेत नदी ओलांडणारी विल्डबीस्ट हरणं पकडणारी. आणि माझ्या वर्गातली निम्मी मुलं रोज मगरी असलेल्या विश्वामित्री नदीच्या पुलावरून शाळेत येतात! 2019 आणि 2024 च्या पुरात मगरी वस्त्यांमध्ये शिरल्या होत्या, तेव्हाचे व्हिडिओ प्रत्येकाच्या घरच्या फोनमध्ये अजून आहेत. मुलांचे प्रश्न सरळ होते. पाणी भरलं आणि सोसायटीत मगर आली तर काय करायचं? ती आपण होऊन येते की वाहून येते? ऑनलाइन सत्रात हेच विचारलं तर उत्तर मिळालं, 'प्राण्यांचा आदर करा.' बरोबरच आहे, पण बडोद्यातल्या दहा वर्षांच्या मुलाला याचा उपयोग काय?

तो धडा शेवटी मीच बांधला. आपली मगर म्हणजे मार्श क्रोकोडाइल, रुंद तोंडाची, गोड्या पाण्यातली. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे तिला मारणं, पकडणं गुन्हा. उन्हाळ्याच्या सुमारास मादी काठावरच्या मातीत खड्डा करून अंडी घालते. पिल्लू नर होणार की मादी हे घरट्यातल्या तापमानावर ठरतं. पिल्लं बाहेर यायच्या वेळी ती घरटं उकरते आणि त्यांना तोंडात धरून पाण्यात नेते. हे ऐकून वर्ग गप्प झाला, कारण तोपर्यंत त्यांच्या लेखी मगर फक्त चावायची. हिवाळ्यात काठावर जबडा उघडून पडलेली दिसते, ती धमकी नसून शरीराचं तापमान सांभाळायची तिची रीत. आणि समोर आलीच तर गर्दी करायची नाही, दगड मारायचे नाहीत, सेल्फी तर नाहीच. मोठ्यांना सांगून वनखात्याला फोन करायला लावायचं. पावसात सगळ्यात उपयोगी पडलं ते एवढंच.

सापांचंही तेच. पेटीत ॲनाकोंडा आणि नागराज. आपल्याकडच्या ज्या चार विषारी सापांवर प्रतिविष तयार होतं, ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, एका कार्डावर शेजारी शेजारी असायला हवे होते. नव्हते.

जानेवारीचा विषय होता ध्रुवप्रदेश. बडोद्यात, उत्तरायणाच्या महिन्यात! (पेंग्विन आणि ध्रुवीय अस्वल कधी समोरासमोर येतच नाहीत, एक दक्षिणेला, एक उत्तरेला, हे मात्र मुलांना फार आवडलं.) बाहेर तेव्हा मांज्यानं कापलेली कबुतरं आणि शराट्या (आयबिस पक्षी) पडत होत्या. पक्षी सकाळी लवकर निघतात आणि संध्याकाळी परततात, त्या वेळात पतंग खाली ठेवायचे; नायलॉनच्या मांज्यावर 2017 पासून बंदी आहे; संक्रांतीच्या आसपास गुजरातेत जखमी पक्ष्यांसाठी करुणा अभियान चालतं. एवढं वर्गात बोललो. सणानंतर मुलांनी शाळेच्या झाडांवर अडकलेल्या मांज्याच्या गुंतवळी मोठ्यांच्या मदतीनं उतरवल्या. हे वर्कशीटमध्ये बसत नव्हतं, म्हणून कोणाला बिल्ला मिळाला नाही.

बिल्ल्यांविषयी माझं मत वाईटच झालंय. क्विझ आली की मुलं बघणं सोडून पाठ करायला लागतात. चित्ता ताशी किती धावतो हे सगळ्यांना येतं. शाळेच्या कडुनिंबाची पानं कधी गळतात हे विचारा.

ते आम्हाला कळलं सीझनवॉचमुळे. हा लोकसहभागातला फुकट उपक्रम: एक झाड निवडायचं, दर आठवड्याला त्याची कोवळी पानं, जून पानं, फुलं, फळं बघायची आणि नाहीत, थोडी की पुष्कळ, एवढंच नोंदवायचं. नोव्हेंबरात मुलं कंटाळली होती, खोटं कशाला सांगू, मीही. पण उन्हाळ्याच्या तोंडाशी कडुनिंब पिवळा पडला, पानं गळाली आणि तांबूस पालवी आली, तेव्हा वहीतली तीच कंटाळवाणी पानं उलटून मुलं एकमेकांशी भांडत होती की पहिलं कोवळं पान कोणाला दिसलं. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटमध्येही आम्ही भाग घेतला. पंधरा मिनिटं शांत उभं राहून पक्षी मोजायचे. पंधरा मिनिटं शांत राहणं हीच मोठी कामगिरी.

कार्यक्रमात व्हीआर चष्म्यातून दिसणारा देवमासाही होता. दोन चष्मे, अख्खा वर्ग, मारामारी. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा खरा सांगाडा आहे, तिथे सगळ्यांना एकदम बघता आलं.

व्यवहाराचं थोडं. व्हिडिओ आणि वर्कशीट फक्त इंग्रजी आणि हिंदीत. घरी गुजराती-मराठी बोलणाऱ्या आजी-आजोबांना मुलं काही वाचून दाखवू शकत नाहीत. एक सत्र पन्नास मिनिटांचं, आमचा तास पस्तीसचा. नेट गेलं की व्हिडिओ बंद, डाउनलोडची सोय नाही. शिक्षकाला झेपेल तेवढाच भाग घ्या, असं कंपनीचे लोक म्हणतात, पण पैसे पूर्ण घेतात. नुसती कार्डं आणि आवाज वेगळे द्या म्हटलं, तर तसं मिळत नाही.

तरीही, शाळेत निसर्गाचं काहीच होत नसेल आणि शिक्षकाला सुरुवात कुठून करावी कळत नसेल, तर चौथीपर्यंतच्या मुलांसाठी घ्यायला हरकत नाही. घेण्याआधी एवढंच विचारा: आमच्या जिल्ह्यातले किती प्राणी यात आहेत, आणि किती सत्रं वर्गाबाहेर होतात? उत्तर देताना विक्रेता अडखळला तर समजून जा.

आम्ही पुढच्या वर्षी चौथीला घेतोय, पाचवीला नाही. पाचवीचे पैसे मी डभोईजवळच्या वढवाणा तलावाच्या बससाठी मागितलेत. 1910 मध्ये बडोदा संस्थानानं सिंचनासाठी बांधलेला हा तलाव 2021 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, आणि थंडीत तिथे हजारो पाहुणे पक्षी उतरतात. प्राचार्य म्हणाल्या, आधी पालकांची संमतीपत्रं आणा.