सोलर गच्चीवर, बाथरूम तळमजल्यावर: गरम पाण्याच्या पंपाचा आठ महिन्यांचा अनुभव

आमचं घर साताऱ्यात, शाहूपुरीत. सोलर दोन मजल्यांवर गच्चीत आणि आईचं बाथरूम तळमजल्यावर पार मागच्या बाजूला, मधे पाऊण इंची पाइप साधारण बावीस मीटर. एवढ्या पाइपातच साडेपाच लिटरच्या वर पाणी बसतं, आणि पाइप स्वतः तापायला अजून थोडं जातं, म्हणजे नळ सोडला की अर्धी बादली गार पाणी काढल्याशिवाय गरम येतच नाही. थंडीत आई पहाटे साडेपाचला आंघोळीला जाते, तेवढा वेळ बिचारी गारठत उभी राहायची. ते गार पाणी आम्ही झाडांना, फरशीला वापरायचो, पण घरातली चारही माणसं वेगवेगळ्या वेळी आंघोळ करणार, मग रोज किती बादल्या साठवणार.

मागच्या डिसेंबरात रिसर्क्युलेशन पंप बसवला. काम साधं आहे, पाइपात थांबलेलं गार पाणी हा पंप रिटर्नच्या पाइपने परत सोलरच्या टाकीकडे ढकलतो आणि त्याच्या जागी गरम पाणी नळापर्यंत येऊन थांबतं. पंप 45 वॅटचा, स्टेनलेस स्टील बॉडीचा. दुकानात बिडाच्या बॉडीचा स्वस्त मिळत होता पण तो बंद सर्किटसाठी, म्हणजे तेच ते पाणी फिरत राहतं तिथं असतो, रोज ताजं पाणी खेळत राहिलं की गंजतो, म्हणून तो घेऊ नका. पंप, अर्धा इंची सीपीव्हीसीची (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिक पाइप) रिटर्न लाइन आणि मजुरी धरून साधारण चौदा हजार गेले, त्यात रिटर्न लाइन बाहेरच्या भिंतीवरून खाली आणायचं कामच जास्त वेळखाऊ. प्लंबर म्हणाला होता रिटर्न नको, बेसिनखाली व्हॉल्व्ह टाकून गार पाण्याच्या लाइनीतूनच परत पाठवू, खर्च वाचेल. पण मग गार नळाला कोमट पाणी येणार आणि आमचा प्यायच्या पाण्याचा फिल्टर त्याच लाइनीवर आहे, म्हणून मी नाही म्हटलं.

सुरुवातीला मात्र फार वैताग झाला. पंप बंद असताना नळ सोडला की पाणी कोमटच यायचं, आधी बरं होतं असं वाटायला लागलं. चार दिवस कुणाला काय कळेना. मग लक्षात आलं की रिटर्न लाइनीला एनआरव्हीच (पाणी एकाच दिशेला जाऊ देणारा व्हॉल्व्ह) टाकलेला नाही, त्यामुळे टाकीच्या इनलेटचं गार पाणी बंद पंपातूनच उलटं खाली येऊन नळात गरम पाण्यात मिसळत होतं. व्हॉल्व्ह टाकला आणि त्याच दिवशी कडक पाणी आलं. तुम्ही बसवत असाल तर काम चालू असताना स्वतः उभं राहून एनआरव्ही बघा, त्यावरचा बाण पाणी टाकीकडे जाणाऱ्या दिशेला पाहिजे. पंपाची मोटर पण आडवी पाहिजे, आमची उभी बसवली होती, हवा अडकून घरघर करायची, ती पण फिरवून घेतली.

दुसरी चूक माझी. टायमर लावून पहाटे पाच ते नऊ पंप सलग चालू ठेवला. उघड्या पाइपातून पाणी सारखं फिरत राहिलं की सगळी उष्णता बाहेर जाते, नऊ वाजता शेवटच्या माणसाला टाकीतच कोमट पाणी उरायचं, आणि रात्री-पहाटे सोलर काय नवीन तापवणार. आता बाथरूमबाहेर बेलसारखं बटण आहे, दाबलं की पंप अडीच मिनिटं चालून आपोआप बंद. आई टॉवेल घेईपर्यंत पाणी आलेलं असतं. दिवसात सहा वेळा दाबलं तरी लाइट महिन्याला अर्धा युनिटसुद्धा जात नाही.

पावसाळ्यात ढग असले की टाकीतच पाणी तापत नाही, तिथं पंप काही करू शकत नाही, तेव्हा गीझरच. आणि ज्यांचा गीझर बाथरूममध्येच आहे त्यांनी यावर एक रुपया घालू नये. आमच्यासारखा लांब पाइप असेल तर मात्र नक्की बसवा, मी 5 पैकी 4 देईन. एक कापला तो रिटर्न लाइनीच्या खर्चाचा.

गरम लाइनीला काळ्या फोमचं इन्सुलेशन केलंय, रिटर्नला राहिलंय, ते दिवाळीच्या आधी उरकून घेणार आहे.