स्पर्धेचा घोडेस्वारी संच, आठेक महिन्यांनंतर: बुटाची चेन आणि चाबूक सोडून सगळ्याला माफी

शो जम्पिंगला, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडायच्या स्पर्धेला, काय काय कपडे लागतात ते वाचणाऱ्यांना माहीत असेलच, म्हणून थेट अनुभवाकडे येते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलीसाठी एका ऑनलाइन दुकानातून 'स्पर्धा संच' मागवला. गुडघ्यापर्यंतचे काळे बूट, पांढऱ्या ब्रीचेस (घोडेस्वारीच्या घट्ट पँट), पांढरा शर्ट, चाबूक, हेल्मेट. कोट त्यात नव्हता. सगळे मिळून २४ हजार रुपये गेले. आमच्या घरात ही रक्कम विचार करून, दोन दिवाळ्यांची खरेदी लांबवून काढलेली आहे, त्यामुळे प्रत्येक वस्तूवर माझं बारीक लक्ष होतं आणि आहे.

पावसाळ्यात मी याच बुटांना पाचपैकी पाच तारे देऊन आले होते. कातडं मऊ, पोटरीला बसतात छान, आणि मागची चेन ओढली की पोरगी स्वतःच्या स्वतः तयार. ते पाच तारे मी काढून घेतलेत.

पुण्याच्या स्पर्धेत कोर्स वॉकच्या, म्हणजे फेरीआधी अडथळे पायी पाहून येण्याच्या, थोडं आधी डाव्या बुटाची चेन घोट्याच्या वर फाटली. चेन वर गेलेली, खालचे दात मात्र उघडे. ज्यांना वाटतं की मैदान पायी बघायचंय तर सँडल चालतील, त्यांच्यासाठी सांगते: आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे अडथळे पाहायला पायी उतरतानाही बूट, पांढरी किंवा फिकट ब्रीचेस, शर्ट आणि टाय किंवा चोकर (गळ्याची पट्टी) हे लागतंच. म्हणजे चेन गेली की फक्त फेरी अडत नाही, अडथळ्यांमधली पावलं मोजणंही अडतं. आणि पावलं न मोजता कोण उडी मारणार? तिला शिकवणाऱ्या सरांनी बुटाभोवती काळी चिकटपट्टी गुंडाळली, स्टुअर्डनी (नियमांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी) वाकून पाहिलं, "नीटनेटकं दिसतंय, जा" म्हणाले. त्या माणसाचे मनापासून आभार. फेरीत एक दांडा पडला, चार पेनल्टी (दंडाचे गुण), पण त्याचा बुटाशी काही संबंध नाही.

मग दुकानाशी भांडण. फोटो पाठवले, बिल पाठवलं. उत्तर आलं की वॉरंटी कातड्याला आणि तळव्याला आहे, चेन ही 'झीज होणारी वस्तू' आहे. लेस तुटली तर हे मी मान्य केलं असतं. लेस दहा रुपयांत बदलते. उंच बुटाची चेन गेली तर बूट पायातच राहत नाही. जिच्यावाचून वस्तू वापरताच येत नाही तिला झीज होणारी म्हणून बाजूला काढायचं, हे मला आजही पटलेलं नाही. शिवाय बूट रोजच्या सरावाला वापरलेच नव्हते, सरावाला तिचे जुने आखूड बूट आणि हाफ-चॅप्स (पोटरीवर चढवायची वेगळी आवरणं) आहेत.

शेवटी आमच्या सोलापुरात नव्या पेठेत बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेले. त्यांनी बूट उलटासुलटा केला आणि दोन मिनिटांत निदान सांगितलं. घोड्याच्या घामातलं मीठ आणि मैदानातली माती चेनीच्या दातांत बसते, आणि टाच खाली दाबली की घोट्यापाशी बूट दुमडतो, तिथे सगळा ताण चेनीवर येतो. चांगल्या बुटांत चेनीच्या बाजूने लवचिक पट्टी असते, ती ताण घेते. आमच्यात नाही. "मॅडम, बूट चांगलाय, चेन हलकी लावलीय." जाड चेन घेतली, जुनी शिवण उसवून त्याच भोकांतून हाताने शिवली. ४५० रुपये, दोन्ही बुटांचे. चेन लावताना उभं राहायचं, पाय सरळ ठेवायचा, आणि आठवड्याला एकदा कोरड्या ब्रशने दात झाडून त्यावर मेणबत्ती घासायची, हेही त्यांनीच शिकवलं. तेव्हापासून कुरकुर नाही. म्हणून आता तीन तारे. तिसरा तारा काकांचा आहे.

आता कोट. दुकानातले ताणले जाणाऱ्या कापडाचे कोट नऊ-दहा हजारांच्या पुढे. सोलापूर गणवेशांचं गाव आहे, देशभरातल्या शाळांचे कपडे इथे शिवले जातात, मग एक कोट इथे होणार नाही? ओळखीच्या कारखान्यातल्या मास्तरांना फोटो दाखवले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बाळ बसून घालणार की उभं राहून?" मग स्टुलावर लोड ठेवला, पोरीला त्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसवलं, हात लगाम धरल्यासारखे पुढे करायला लावले आणि माप घेतलं. पाठीला जास्तीचं कापड, मागे दोन कट, म्हणजे कोट खोगिरावर गोळा होत नाही. गडद निळा, आतून जाळीचं अस्तर. शिलाईसकट २,८०० रुपये. पुण्यात दोघा पालकांनी कुठून घेतला म्हणून विचारलं. मी सोलापूर म्हणाले आणि मला फार बरं वाटलं. उष्णता फार असेल तर ज्युरी (पंचमंडळ) कोट काढून खेळायला परवानगी देऊ शकते, पण तेव्हा शर्टाला बाह्या हव्यात. संचातल्या शर्टाला आखूड का होईना, बाह्या आहेत. तो ठीक.

ब्रीचेस कापडाने चांगल्या, पण पांढऱ्या. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात पांढरं काही धुणं म्हणजे काय ते आमच्याकडच्या बायकांना विचारा. बोअरच्या पाण्याने पिवळट झाक धरली. आता स्पर्धेच्या दिवशीच घालायच्या, घोड्यावर बसेपर्यंत वरून ट्रॅकपँट. फिकट बदामी रंग नियमात चालतो, पुढच्या वेळी तोच घेणार.

चाबकाबद्दल मात्र दुकानावर माझा राग आहे. जम्पिंगमध्ये ७५ सेंटीमीटरपेक्षा लांब चाबूक चालत नाही. 'स्पर्धा संच' असं नाव देऊन पाठवलेला चाबूक मास्तरांच्या टेपने मोजला तर ९० च्या वर भरला. परत केला. सरांचं म्हणणं तर असं की या वयात चाबूक कसा वापरायचा यापेक्षा कधी वापरायचा नाही हे आधी शिकावं. लागोपाठ तीनपेक्षा जास्त फटके नियमात बसत नाहीत, तोंडावर तर कधीच नाही, आणि फेरीतून बाद झाल्यावर राग काढायला मारणं हा सरळ गैरवापर धरतात. हे मी मुलीच्या वहीत लिहून घेतलंय. आमच्या जिल्ह्यात अकलूजला घोडेबाजार भरतो, वारीत रिंगण होतं, घोड्याला हात जोडणारी माणसं आहोत आपण. घोड्याला इजा करून मिळालेला नंबर घरात आणायचा नाही, असं तिच्या बाबांनीही सांगितलंय.

हेल्मेटला पाच तारे, त्यात काटकसर करू नका. आतल्या लेबलवर मानक छापलंय का बघा, पट्टा तीन ठिकाणी जोडलेला असला पाहिजे. फेरीत पट्टा सुटला तर थांबून लावायचा, घड्याळ चालूच राहतं, पण तसाच अडथळा ओलांडला तर बाद. ड्रेसाजवाल्यांची (ड्रेसाज म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध हालचालींची स्पर्धा) उंच टोपीसुद्धा २०२१ पासून बंद झालीय. २०२३ ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत आपल्या चौघांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं, ४१ वर्षांनी घोडेस्वारीत सुवर्ण आलं, ते चौघे हेल्मेट घालूनच उतरले होते. मे महिन्यात बंद गाडीत हेल्मेट ठेवू नका, उन्हाने आतला थर खराब होतो. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चांगलं दिसलं तरी बदला. कुणाचं वापरलेलं तर घेऊच नका.

परवा दुकानाचा मेल आला. तक्रार बंद केलीय, पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट. मी उत्तर पाठवलंय की मला सूट नको, चेनीचे ४५० रुपये हवेत.