हीट शॉक की इलेक्ट्रोपोरेशन: प्रोजेक्ट सुरू करण्याआधी

पुण्यात पाषाणची लॅब असो की गणेशखिंडची, एमएस्सीचा प्रोजेक्ट लागला की मुलं हेच विचारतात: बॅक्टेरियात डीएनए घालायला कोणती पद्धत धरू?

तयार प्लाझ्मिड (बॅक्टेरियातला छोटा गोल डीएनए) ई. कोलाय बॅक्टेरियाच्या डीएच५अल्फा या लॅबमधल्या वाणात घालायचं असेल, तर कॅल्शियम क्लोराइड आणि हीट शॉक, म्हणजे क्षणभर उष्णतेचा झटका. प्लाझ्मिडसाठी ही पद्धत १९७२ पासून चालत आली आहे. लॅबमध्ये केलेल्या साध्या कॉम्पिटंट सेल्सही (डीएनए आत घ्यायला तयार केलेल्या पेशी) डीएनएच्या एका मायक्रोग्रॅममागे दहा लाख कॉलनी देतात. म्हणजे एक नॅनोग्रॅम घातलं तरी हजार, आणि तुम्हाला हवी असते एक! जपायची ती थंडी. पुण्याच्या मे महिन्यात बर्फ बघता बघता पाणी होतो, म्हणून ट्यूब झाकणाशी धरा, बुडाला बोटं लावू नका. डीएनए मिसळून अर्धा तास बर्फात, ४२ अंशांवर ४५ सेकंद, लगेच पुन्हा बर्फात. मग ३७ अंशांवर तासभर वाढू द्या, नंतरच अँपिसिलिन या अँटिबायोटिकच्या प्लेटवर पसरा; प्लाझ्मिड घेतलेल्या सेल्सच तिथे जगतात.

लायब्ररी (हजारो वेगवेगळ्या क्लोनचा संग्रह) करायची असेल, डीएनए अगदी थोडा असेल किंवा प्लाझ्मिड फार मोठं असेल, तर मात्र इलेक्ट्रोपोरेशनला, म्हणजे विजेच्या झटक्याने डीएनए आत घालण्याला, तोड नाही. इथे आकडा अब्जाच्या वर जातो. पण क्षार अजिबात चालत नाहीत. माझं पहिलं लिगेशन (डीएनएचे तुकडे जोडलेलं मिश्रण) मी क्षार न काढताच क्युव्हेटमध्ये, म्हणजे झटका द्यायच्या छोट्या डबीत घातलं, १.८ किलोव्होल्टला फट्ट आवाज झाला आणि तीन दिवसांचं काम गेलं. तेव्हापासून डीएनए शुद्ध पाण्यात घेते आणि सेल्स दहा टक्के ग्लिसरॉलमध्ये धुते. जुलैत गार क्युव्हेटवर बाहेरून दव धरतं, तेही टिश्यूने टिपते. पल्स (विजेचा झटका) दिल्यावर लगेच माध्यम घाला. मिनिटभराच्या उशिरानेही कॉलनी घटतात. क्युव्हेटही महाग असतात, गाइडना आधी विचारा.

मातीतून काढलेलं स्ट्रेप्टोमायसिस (मातीतला एक बॅक्टेरिया) हातात असेल, तर या दोन्हींत अडकू नका. ते बहुधा मिथाइल लागलेला परका डीएनए कापून टाकतं, आणि नेहमीचा ई. कोलाय डीएनएला मिथाइल लावतो. त्यासाठी मिथाइल न लावणारा ई. कोलाय घेऊन कॉन्ज्युगेशन करा, म्हणजे एका बॅक्टेरियातून दुसऱ्यात थेट डीएनए जाऊ द्या. यीस्टला लिथियम ॲसिटेट पुरतं.

ई. कोलायसाठी या दोन्हींतली पद्धत कोणतीही घ्या, दोन प्लेट जास्त लावा: एक पीयूसी१९ या नेहमीच्या चाचणी प्लाझ्मिडची, एक डीएनएशिवायची. पहिलीवर काही आलं नाही तर दोष बहुधा सेल्सचा, तुमच्या क्लोनिंगचा नाही. दुसरीवर कॉलनी आल्या तर अँटिबायोटिक ताजं घ्या.