दिवाळी अंकाचं कव्हर: चित्र, फोटो, व्यंगचित्र का नुसती अक्षरं?

एक मैत्रीण यंदा पहिल्यांदाच दिवाळी अंक काढतेय, नदी या विषयावरचा, तिनं विचारलं की कव्हरवर काय घेऊ? आमच्या वाचनालयाच्या अंकाचं कव्हर मी बरीच वर्षं करतोय म्हणून तिला जे सांगितलं ते इथे लिहितो, अजून कोणाच्या उपयोगी पडेल.

आधी हे ठरवा की अंक वाचकाला पहिल्यांदा कुठे दिसणार. स्टॉलवर अंक एकावर एक रचलेले असतात, बऱ्याचदा वरची चार बोटं पट्टीच दिसते, म्हणजे नाव वर आणि ठळकच पाहिजे. मोबाईलवर दिसणार असेल तर कव्हर नखाएवढं होतं, बारीक नक्षी, लेखकांची यादी, सगळं गायब.

चित्र म्हटलं की दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे चित्रकार, दोघंही मूळचे गोव्याचे. दलालांनी 1945 मध्ये स्वतःचा 'दीपावली' हा अंक काढला. मुळगावकरांची स्प्रेनं केलेली ती गुळगुळीत, उजळ चेहऱ्यांची चित्रं, त्यांचे देव तर लोकांनी फ्रेम करून घरात लावले! अंकाचं नाव वाचायच्या आधीच कव्हर कोणाचं ते कळायचं. आणि दिवाळी अंक काही आठवड्याभरात रद्दीत जात नाही, वर्षभर घरात हातोहात फिरतो, त्यामुळे पुन्हापुन्हा बघावंसं वाटणारं चित्र असेल तर त्याला तोड नाही असं माझं मत. पण चित्रकाराला निदान दोन महिने द्या आणि वर नावासाठी जागा सोडायची हे सुरुवातीलाच सांगा, नाहीतर सुंदर चेहरा काढून येतो आणि अंकाचं नाव त्याच्या कपाळावर बसतं. मूळ चित्र नीट स्कॅन करून घ्या, मोबाईलनं फोटो काढून प्रेसला पाठवू नका.

फोटो लवकर होतो, स्वस्तही पडतो, आणि विषय खऱ्या माणसांचा असेल, ऊसतोड, दुष्काळ, नदी, तर फोटो जे सांगतो ते चित्रात येईलच असं नाही. फक्त पणती घेतलेली नऊवारीतली बाई नको, ती दरवर्षी इतक्या कव्हरांवर असते की तुमचा अंक वेगळा ओळखताच येत नाही. दुसरं म्हणजे साइझ. अंक 7 बाय 9.5 इंच धरला तर 300 डीपीआयला (म्हणजे इंचाला 300 ठिपके) 2100 बाय 2850 पिक्सेल लागतात, कडेनं कटिंगसाठी 3 मिमी जास्तीचे वेगळे, व्हॉट्सॅपवरून आलेला फोटो तिथे बऱ्याचदा कमी पडतो, मूळ फाइलच मागवा. आणि ज्यानं काढला त्याची परवानगी घ्या, नाव छापा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

व्यंगचित्राला वाचक कोण हे अगदी नेमकं माहीत असावं लागतं. 'आवाज' या विनोदी दिवाळी अंकाची खिडकीचित्रं आठवा, बाहेरून एक दिसतं, खिडकी उघडली की भलतंच, म्हणजे हात लावल्याशिवाय माणूस पुढे जाऊच शकत नाही. व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांची 'ललित' या साहित्याच्या मासिकाची कव्हरं साहित्य वाचणाऱ्यांसाठी होती, चित्रातल्या गर्दीत कोण कोण लेखक आहे ते शोधण्यात मजा. तेच कव्हर दुसऱ्या वाचकापुढे ठेवलं तर त्याला नुसती गर्दी दिसेल.

नुसत्या अक्षरांचं कव्हर आपल्याकडे लोक उगाच टाळतात. कमल शेडगे यांनी नाटकांची नावं अशी लिहिली की नाटकाचा स्वभाव अक्षरातच दिसायचा. मोबाईलवर तर हाच प्रकार सगळ्यात चांगला दिसतो. फक्त देवनागरीला वर-खाली जागा लागते, वेलांट्या, रफार वर जातात, उकार खाली येतात, दोन ओळी चिकटवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. इंग्रजीच्या मापानं अंतर ठेवू नका.

रंगाचं सगळ्यांनाच लागू. स्क्रीनवरचा झगझगीत केशरी कागदावर तसा येत नाही, आमच्या एका अंकाला तो चक्क विटकरी आला, सगळ्या प्रती छापून झाल्या होत्या आणि मला फार वाईट वाटलं होतं कारण चित्र खरंच सुरेख होतं. तेव्हापासून फाइल सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे रंग) करून, ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर, लॅमिनेशनसकट (कव्हरवरचा प्लास्टिकचा पातळ थर) एक प्रूफ, म्हणजे नमुना, काढल्याशिवाय मी पुढे जात नाही. मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या, लॅमिनेशननं रंग थोडे दबतात हेही धरून चाला.

मैत्रिणीचा अंक बराचसा पोस्टानं जाणार, ऑर्डर मोबाईलवरून येणार, हाताशी दीड महिना. चित्राचा मोह होता तिला, मलाही होता, पण एवढ्या वेळात चांगलं चित्र होणार नाही. म्हणून नदीच्या घाटाचा एकच काळापांढरा फोटो आणि त्यावर मोठ्या अक्षरात नाव, असं सांगितलं. पुढच्या वर्षीच्या चित्रासाठी मात्र चित्रकाराशी आत्ताच बोलून ठेव म्हटलं.