परसात वाफे घालावेत की खळ्यात कुंड्या ठेवाव्यात?

बियाण्याच्या पाकिटामागे ‘लागवड: फेब्रुवारी-मार्च’ असं छापलेलं असतं. चूक काही नाही त्यात, फक्त ते कोकणातल्या विहिरी बघून छापलेलं नसतं. माघ सरला की आपल्याकडे ऊन भरपूर, हवा कोरडी, पानांवर बुरशी कमी. अडतं ते पाण्यापाशी. शिमगा झाला की विहीर खाली जायला लागते, आणि आज टोकलेले वेल फळावर येतात ते बरोबर एप्रिलात. म्हणून या दिवसांत बाग धरायची असेल तर गेल्या मे महिन्यात विहिरीला किती पाणी होतं ते घरातल्यांना विचारा, आणि मग ठरवा, परसातल्या जमिनीत वाफे की खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, किंवा गच्चीवर कुंड्या, पिशव्या, बादल्या.

माझं मत आधीच सांगते. वेल, पालेभाजी आणि मोगरा जमिनीत. वांगी, मिरची, टोमॅटो कुंडीत. सगळं एकाच जागी करायचा हट्ट धरलात तर निम्मी बाग हातची जाते.

पाण्याचा हिशेब

एप्रिल-मेच्या उन्हात वाफ्याच्या एका चौरस मीटरला रोज पाच-सहा लिटर पाणी लागतं असं धरून चाला. दहा चौरस मीटरचा परसू म्हणजे पन्नास-साठ लिटर, रोज चार हंडे. पंप आणि पाइप असेल तर हे काहीच नाही. रहाटाने ओढायचं असेल तर दोन आठवड्यांत उत्साह मावळतो. कुंड्यांचं एकूण पाणी कमी. पेंटच्या वीस लिटरच्या बादलीतल्या वाढलेल्या वांग्याला दिवसाला दीड-दोन लिटर पुरतात. पण ते सकाळ-संध्याकाळ विभागून द्यावं लागतं आणि एकही दिवस चुकवून चालत नाही. जमीन एक दिवस सांभाळून घेते, बादली घेत नाही. मेमध्ये दुपारी काळ्या पिशवीच्या बाजूला हात लावून बघा, चटका बसतो. आतली मुळं त्याच चटक्यात असतात. पिशव्यांभोवती गोणपाट गुंडाळलं किंवा त्या एकमेकींना खेटून घराच्या पूर्वेकडच्या भिंतीला लावल्या तर दुपारचं ऊन टळतं.

वाफ्यात पाणी वाचवायचं साधन आपल्या दारातच पडलेलं असतं. झावळं, काजूचा पाला, नारळाची सोडणं. मातीवर चार बोटं पाला पसरला की शिंपणं एक दिवसाआड केलं तरी भागतं. सोडणं मात्र रोपाच्या बुंध्याला चिकटवू नका, जांभ्याच्या मातीत वाळवी लगेच लागते.

खाडीकाठच्या लोकांसाठी वेगळी गोष्ट. मेमध्ये ज्यांची विहीर मचूळ होते त्यांनी कुंड्यांचा विचार जपून करावा. कुंडीला थोडंथोडं पाणी घातलं की पाणी उडून जातं आणि मीठ मातीतच राहतं. कुंडीच्या कडेला पांढरी खपली दिसते ती हीच. पुळणीच्या, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूच्या, वाफ्यात निदान ते खाली झिरपून जातं. घेवडा अशा पाण्यावर सगळ्यात आधी मान टाकतो, पालक बराच तग धरतो. फुलांत कण्हेर आणि सदाफुली खाऱ्या वाऱ्यालाही दाद देत नाहीत.

माती, आणि मर

जांभ्याची लाल माती आम्लधर्मी. तिच्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतं, झाडाला मिळू देत नाही. चुलीची राख आणि कुजलेलं शेणखत ही जुनी रीत म्हणूनच उपयोगी पडते. राखेने आम्लपणा थोडा उतरतो, शेणखताने माती पाणी धरून ठेवायला लागते. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, घर असेल तर हा प्रश्नच नाही, कारण तिथे मातीच नसते. तिथे चिऱ्यांची चौकट करून आत माती भरायची किंवा सरळ कुंड्या, आणि दोन्हीकडे माती विकत.

पण जमिनीविरुद्ध माझी खरी तक्रार मरीची, म्हणजे उभं झाड वाळवणाऱ्या रोगाची आहे. वांग्याचं झाड कमरेपर्यंत वाढलेलं, फुलं आलेली, पानं हिरवीगार. दुपारी मान टाकतं, संध्याकाळी जरा सावरतं, आणि दोन-तीन दिवसांत हिरवंच उभ्या-उभ्या वाळतं. माणसं पाणी कमी पडलं म्हणून आणखी ओततात. खात्री करायची असेल तर बुंध्याजवळ खोडाचा बोटभर तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टोक बुडेल असा उभा धरा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी बारीक तार खाली उतरताना दिसली तर ती जिवाणूजन्य मर. आपली उबदार, दमट, आम्लधर्मी माती तिला फार मानवते. औषधाने ती जात नाही. जिवाणू मातीत वर्षानुवर्षं राहतात आणि वांगं, टोमॅटो, मिरची एकाच कुळातली, त्यामुळे एकाच्या जागी दुसरं लावून सुटका होत नाही.

ज्यांच्या परसात ही मर एकदा येऊन गेली आहे त्यांनी या तिघांसाठी कुंडीच घ्यावी, आणि तिच्यात त्याच परसातली माती भरू नये. एक बादली गेली तर एकच झाड जातं, शेजारच्या झाडाच्या मुळाशी पाणी वाहत जात नाही. कुंडीच्या बाजूने एवढा एकच मुद्दा असता तरी मला पुरला असता. टोमॅटोबद्दल मात्र आशा बेताची ठेवा. किनाऱ्यावर एप्रिलात रात्रीही उकडतं आणि फुलं फळ न धरताच गळतात. टोमॅटो दिवाळीनंतर लावायचं पीक आहे. कोबी-फ्लॉवरही तेव्हाचंच.

वेल आणि पाला

कारली, पडवळ, शिराळी, दुधी यांची मुळं लांब जातात. बादलीतलं कारलं मांडवभर पसरतं, चार-पाच कारली देतं आणि मग खालून पिवळं पडत वर जातं. जमिनीतला तोच वेल पावसाच्या तोंडापर्यंत चालतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची वाणं आपल्या हवेसाठीच काढलेली आहेत: कारल्यात कोकण तारा, पडवळात कोकण श्वेता, शिराळ्यात कोकण हरिता, चवळीत कोकण सदाबहार. दुकानात चकचकीत पाकिटाचा मोह होतो, पण आधी ही मागून बघा.

फळमाशीचं एक सांगायला हवं. आंब्याच्या बागेतला सापळा आणून कारल्याच्या मांडवाला टांगणारे पुष्कळ आहेत. सापळ्यात माशी ओढणारी वासाची गोळी असते. आंब्याची माशी मिथाइल युजेनॉलच्या गोळीला येते, वेलभाज्यांची येते क्यू-ल्यूरच्या. गोळी चुकीची असली तर सापळा भरलेला दिसतो आणि कारली तरी किडतातच, कारण त्यात अडकलेल्या असतात शेजारच्या कलमांवरच्या माश्या.

पालेभाजीला दोन्हीकडे चालतं. लाल माठ पंचवीस-तीस दिवसांत काढायला येतो, पसरट क्रेटमध्येही होतो. पण घरात चार माणसं असतील तर क्रेटभर माठाची एका वेळची भाजी होते, वाफा असेल तर आठवडाभर पुरतो. नवख्याने माठापासूनच सुरुवात करावी. बी बारीक असतं, मूठभर कोरड्या मातीत मिसळून फोका, नाहीतर एका कोपऱ्यात गर्दी आणि बाकी वाफा रिकामा. भेंडीही आता टोकली तर दीड-पावणेदोन महिन्यांत तोडायला येते. ती जमिनीतच बरी.

फुलं

मोगरा जमिनीत, यात वाद नको. जमिनीतलं जुनं झुडूप उन्हाळ्यात ओंजळीने देतं. कुंडीतला दोन वर्षांनी मुळांनी गच्च होतो, उपसून मुळं छाटावी लागतात. मात्र आता मार्चमध्ये रोप आणलंत तर या वर्षी गजऱ्याची वाट बघू नका. अबोली कुंडीत झकास राहते, थोड्या सावलीतही फुलते. पिकलेल्या शेंगांवर पाणी पडलं की त्या तडकून बी उडतं, त्यामुळे चार महिन्यांनी शेजारच्या कुंड्यांतही अबोलीच उगवलेली दिसते. झेंडू आता पेरला तर पाडव्याला मिळणार नाही, एप्रिल अखेर-मेमध्ये फुलेल. वांग्याच्या बादल्यांजवळ चार झाडं असावीत. सोनटक्का न्हाणीच्या पाण्यावर अळवाच्या शेजारी लावा आणि विसरा. तो फुलायचा पावसातच.

वानरांचं काय, हे कोणीही विचारेल. वाफे असोत की कुंड्या, ती दोन्हीकडे येतात. कुंड्या घराजवळ असल्याने त्यांवर जाळी टाकणं सोपं, एवढाच फरक. कारल्याकडे ती त्यातल्या त्यात कमी फिरकतात, भेंडीवर मात्र ताव मारतात.

पाऊस आल्यावर

मिरगाच्या सरी सुरू झाल्या की दोघांची बाजू पालटते. सपाट वाफ्यात पाणी तुंबतं, मुळं कुजतात. मे अखेरीस माती वर ओढून गादीवाफे केले नाहीत तर जूनमध्ये काही राहत नाही. कुंड्या हलवता येतात हा तेव्हा मोठाच फायदा. फक्त त्या पागोळीखाली ठेवू नका. कौलांवरून पडणारी धार मातीत बोटभर खड्डा पाडते आणि दोन दिवसांत मुळं उघडी करते. खळ्याच्या कडेला विटांवर उचलून ठेवा, बुडाची भोकं मोकळी राहतील अशा. गच्चीवर ठेवणाऱ्यांनी वजनाचाही विचार करावा: ओली माती भरलेली वीस लिटरची बादली तीस किलोच्या आसपास जाते, आणि कुंड्यांखाली साचलेलं पाणी स्लॅबमध्ये मुरतं.

मुंबईहून पंधरा दिवसांनी येणाऱ्यांना मात्र दोन्हीपैकी काहीच नको असं सांगते. बंद घराच्या खळ्यात एप्रिलात कुंडी जगत नाही, आणि शेजाऱ्यांना रोज शिंपायला सांगणं किती दिवस चालेल? त्यांनी मेच्या शेवटी सुरण आणि करांदे हे कंद पुरावेत, पावसात शेवगा, कढीपत्ता आणि जास्वंदीच्या फांद्या लावाव्यात. गणपतीला घर उघडतील तेव्हा दारात जास्वंद लागलेली असेल, सुरण दिवाळीनंतर खणायचा.