पदवी बाहेरची, नोकरी सॉफ्टवेअरची: कॅनडा की जर्मनी?

दोन्हीकडे मी एकाच वेळी अर्ज केला होता, म्हणून लिहितोय. पगार, हवामान, करांची गणितं तुम्ही आधीच करून बसला असाल, ती सोडतो. खरा फरक क्रमाचा आहे. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांवर चालणाऱ्या स्थलांतर योजनेत, आधी पीआर (कायम वास्तव्याचा परवाना), मग नोकरीचा शोध. जर्मनीच्या ब्लू कार्डमध्ये, म्हणजे कुशल कामगारांच्या वास्तव्य-परवान्यात, आधी हातात नोकरीचा करार, मग बाकी सगळं.

पदवीचंच बघा. कॅनडासाठी ईसीए लागतं: आपली पदवी तिथल्या कोणत्या पदवीच्या तोडीची, हे मान्यताप्राप्त संस्थेकडून लिहून आणायचं. एकदा मिळालं की पाच वर्षं चालतं. माझ्या गुणपत्रिका विद्यापीठाने परस्पर बंद पाकिटातून पाठवायच्या होत्या. पहिलं पाकीट नुसतं डिंकाने चिकटवून गेलं, जोडावर ना शिक्का ना सही. झालं, सगळं पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला शिक्का बरोबर जोडावर पडतोय ना, हे बघायला मी खिडकीशी उभाच राहिलो. कारकून वैतागला, मीही.

जर्मनीसाठी अनाबिन हा परदेशी विद्यापीठं आणि पदव्यांचा डेटाबेस आहे, कुणालाही उघडता येतो. तिथे विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ (म्हणजे मान्यताप्राप्त) असेल आणि आपली पदवी जर्मन पदवीच्या बरोबरीची म्हणून नोंदलेली असेल, तर दोन नोंदींच्या प्रिंट काढायच्या आणि अर्जाला जोडायच्या. नोंद नसेल तर झेडएबी या परदेशी पदव्या तपासणाऱ्या जर्मन सरकारी कार्यालयाकडून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याचं शुल्क आलं, थांबणं आलं. माझ्यावर ती वेळ आली नाही, तेव्हा माझं मत थोडं सुखवस्तू समजा.

इथवर कॅनडा फार मागे नव्हता. मन उडालं ते वाढदिवसामुळे. तिथे १२०० पैकी गुण मिळतात आणि त्या त्या फेरीचा कटऑफ गाठला तरच बोलावणं येतं. वयाचे पूर्ण गुण २९ पर्यंतच. जोडीदारासह अर्ज असेल तर तिशीपासून चाळिशीपर्यंत दर वाढदिवसाला पाच गुण जातात. मला बत्तिसावं लागलं त्या सकाळी कटऑफ माझ्यापासून चार गुण दूर होता, तो नऊ गुण दूर गेला. बायको म्हणाली, केक नंतर कापू. नकार आला असता तर बरं, माणूस दुसरीकडे वळतो. इथे ना हो, ना नाही. त्यात आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षांत शिळा होतो, म्हणजे नुसतं वाट बघत बसण्यालाही मुदत. आता तर मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरचे गुणही काढून टाकलेत.

जर्मनीतून नकार भरपूर आले, पण आले. तांत्रिक फेरीत कुठे आपटलो ते कळायचं, पुढच्या मुलाखतीआधी तेवढं घोटायचं. एका करारावर सही झाली आणि पदवीचा विषय तिथेच मिटला. पगाराची अट मात्र असते: २०२५ साली वर्षाला ४८,३०० युरो, आयटीसारख्या टंचाईच्या कामांना सुमारे ४३,७६०. नोव्हेंबर २०२३ पासून आयटीवाल्यांना पदवीशिवायही, गेल्या सात वर्षांतल्या तीन वर्षांच्या अनुभवावर, ब्लू कार्ड मिळू शकतं.

त्रास इथेही आहेच. ऑफिस इंग्रजीत चालतं, पण घरमालक, डॉक्टर आणि पत्रपेटीतली सरकारी पाकिटं जर्मनमध्ये बोलतात. प्रोबेत्साइटचे, म्हणजे नोकरीतल्या परिवीक्षेचे, पहिले सहा महिने माणूस जरा दबकूनच वागतो. जर्मन भाषेची बी-वन पातळी झाली तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, ए-वन या सुरुवातीच्या पातळीवर २७. दिवसभर काम करून संध्याकाळी क्रियापदं घोकायची हौस नसेल तर हे विचारात घ्या.

कॅनडाच्या बाजूने एक गोष्ट मात्र मानावीच लागेल. पीआर हातात असेल तर नोकरी गेली तरी व्हिसाची टांगती तलवार नसते. माझा एक मित्र तसाच गेला. पोचल्यावर सात महिने ‘इथला अनुभव आहे का?’ एवढंच ऐकत होता, पण झोप शांत लागायची, असं तो सांगतो. मला त्याच्या झोपेचा थोडा हेवाच वाटतो.

तुम्ही २६-२७ चे असाल, इंग्रजी पक्कं असेल आणि फ्रेंचही येत असेल, तर माझं ऐकू नका, कॅनडाचं प्रोफाइल भरा. तिशी ओलांडली असेल तर आज रात्री अनाबिन उघडून आधी आपलं विद्यापीठ शोधा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि पाकीट लागत नाही.