भूगोलाच्या बाई नीसमध्ये भिजल्या

अमळनेरच्या शाळेत मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. पोरांकडून घोकून घेतलेलं एक वाक्य मी झोपेतही म्हणेन: भूमध्य सागरी हवामान, उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात. आणि लेकीने फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरच्या नीस शहराचं नोव्हेंबरचं तिकीट काढलं तेव्हा मी बॅगेत काय भरलं? दोन टोप्या, गॉगल, कळण्याचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी. छत्री नाही. नीसच्या विमानतळाबाहेर आलो तर आषाढासारखी झड लागलेली. यांनी आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तीस वरीस पोरेसले शिकाडं, नि सोता छत्री इसरी गयी!"

लेक तिथून जवळच सोफिया अँटिपोलिस नावाच्या टेक्नॉलॉजी पार्कात नोकरी करते. बारा दिवस राहिलो, त्यातले पाच पावसात गेले. ऐन वांग्याच्या भरताच्या दिवसांत गाव सोडून गेलेलो, तेव्हा घरात बसून राहणं जिवावर आलं असतं. आपल्याकडून जाणारे निळ्या समुद्राचे फोटो बघून बुकिंग करतात, म्हणून पावसात पैसे कुठे वसूल होतात तेवढं लिहिते.

आधी थोडा वर्ग घेतेच. नीसचा वर्षाचा पाऊस सव्वासातशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण आपल्या जळगावएवढाच. पण त्यांचा जुलै कोरडा ठाक आणि खरा जोर ऑक्टोबर-नोव्हेंबरला. उन्हाळाभर तापलेल्या समुद्राची वाफ किनाऱ्यावर येते आणि मागे आल्प्स आडवे उभे असतात. आपण खान्देशवाले सह्याद्रीच्या पाठीमागे उरलंसुरलं झेलतो, नीस मात्र डोंगराच्या पुढच्या बाजूला बसलंय. ऑक्टोबर 2020 मध्ये अ‍ॅलेक्स वादळाने नीसमागच्या वेझुबी आणि रोया या खोऱ्यांत घरं, पूल, रस्ते वाहून नेले होते. म्हणून मोबाईलवर नारिंगी इशारा आला की मुकाट्याने घरात बसावं, समुद्राच्या लाटांसोबत फोटो काढायला जाऊ नये. एरवीच्या पावसात खुशाल बाहेर पडा.

पहिल्या दिवशी समुद्राकाठच्या रस्त्यावर एकाकडून दहा युरोची छत्री घेतली. दुसऱ्या वळणावर वारं आलं आणि ती उलटी होऊन परात झाली. त्या पैशांत आपल्या बाजारात चार आल्या असत्या. रेनकोट घरूनच न्या.

दुसऱ्या दिवशी शागाल या चित्रकाराचं संग्रहालय बघायला स्टेशनपासून चढ चढून गेलो, गुडघे कुरकुरत होते, आणि दार बंद. मंगळवार होता. आपल्याकडे सोमवार, यांच्याकडे मंगळवार. त्याच टेकडीवर पुढे मातीस या दुसऱ्या चित्रकाराचं संग्रहालय आहे, तेही मंगळवारी बंद. कॅलेंडरवर आधीच लाल खूण करून ठेवा.

बुधवारी पुन्हा गेलो आणि आदल्या दिवसाचा राग गेला. हे संग्रहालय 1973 साली शागालच्या वाढदिवशीच उघडलं, तेव्हा तो शहाऐंशी वर्षांचा होता. बायबलमधल्या कथांवरची सतरा भलीमोठी चित्रं आहेत. मला बायबल येत नाही, चित्रकलाही नाही. पण एका छोट्या खोलीत पाचही चित्रं लाल-गुलाबी, नुसती लालच लाल, बाहेर पाऊस आणि आत हे. मी बाकावर अर्धा तास बसले. त्यानंतर सभागृहात त्याने केलेल्या निळ्या काचेच्या खिडक्या बघा. मला वाटलं होतं की अशा काचांना ऊन लागतं. ढगाळ उजेडात तो निळा रंग गडद होतो, खोल विहिरीत वाकून बघावं तसा. हे दोन मिनिटांत बाहेर आले होते, तेही परत आत आले.

मातीसची एक गोष्ट लेकीने तिथेच सांगितली. 1917 च्या हिवाळ्यात तो नीसला आला आणि महिनाभर पाऊस. कंटाळून निघायचं ठरवलं, तर दुसऱ्या दिवशी वाऱ्याने ढग पांगले. मग राहिला तो 1954 मध्ये मरेपर्यंत बहुतेक तिथलाच होऊन गेला. हे म्हणाले, त्यालाबी छत्री नसेल.

आता खाणं. बंदराजवळ 'शे पिपो' नावाचं 1923 पासूनचं दुकान आहे, तिथे सोक्का मिळतो. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, बस्स. तांब्याच्या मोठ्या गोल परातीत पातळ ओततात आणि लाकडाच्या भट्टीत ढकलतात. वरून करपट डाग पडतात, कडा कुरकुरीत, मध्ये मऊ. मग कालथ्याने ओरबाडून तुकडे ताटलीत, वर मिरपूड. म्हणजे बेसनाचं धिरडंच हो, पण भट्टीचा धुरकट वास आपल्या तव्याला येत नाही, हे मान्य करावं लागेल. ओवा नाही, हिरवी मिरची नाही, म्हणून मी पर्समधली चटणी काढली. शेजारच्या टेबलावरच्या बाई टक लावून बघत होत्या, दिली चिमूटभर. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी पुन्हा हात पुढे केला. बाहेर रांगेत भिजावं लागतं, तरी थांबा.

शाकाहारींनी मात्र जपून. पिसालादिएर नावाची कांद्याची पोळी दिसायला निरुपद्रवी, पण त्यात खारवलेले मासे असतात. मी अर्धा घास खाल्ला आणि यांच्याकडे सरकवली.

शेवटच्या पावसाळी दिवशी ट्रेनने शेजारच्या मोनॅको या चिमुकल्या देशात गेलो, अर्धा तासही लागत नाही. समुद्राच्या कड्यावर तिथलं ओशनोग्राफिक म्युझियम उभं आहे, राजे पहिले आल्बेर यांनी बांधलेलं, 1910 सालचं. पुढे 1957 पासून तीसेक वर्षं समुद्र-संशोधक जाक कुस्तो तिथे संचालक होते. तळमजल्याखाली माशांच्या टाक्या, वर व्हेलचे सांगाडे. शाळेची सहल घेऊन मी मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात तीनदा गेलेय, तेव्हा मासे कमी आणि पोरांची डोकीच जास्त मोजली. इथे पहिल्यांदा निवांत मासे बघितले. तिकीट महाग आहे आणि पाऊस असला की सगळं गाव तिथेच लोटतं, म्हणून दार उघडतानाच पोचा.

नीसजवळच्या ग्रास गावात अत्तराची फॅक्टरी फुकट दाखवतात आणि शेवटी दुकानात आणून सोडतात. मला शिंका आल्या, यांनी साबण घेतला.

परतायच्या दिवशी लख्ख ऊन पडलं. टॅक्सीतून समुद्र बघितला, फोटोतल्यासारखाच निळा होता. हे काचेला नाक लावून बसले होते, मी उलटी झालेली छत्री मांडीवर घेऊन. दहा युरो दिलेत, अमळनेरला काड्या बदलून घेईन म्हटलं.